उंबऱ्याबाहेरचं मांजर

जर्मनीतलं वालडोर्फ हे गाव आपल्याकडच्या संगणकवाल्यांना ऐकून माहीत असतं, कारण 'सॅप' या कंपनीचं मुख्यालय तिथे आहे. २०२२ साली हे गाव मात्र वेगळ्याच कारणाने बातम्यांत आलं. गावाच्या दक्षिणेकडच्या मोकळ्या जमिनीवर तुरेवाल्या चंडोलाच्या अगदी मोजक्या जोड्या उरल्या होत्या. चंडोल घरटं करतो जमिनीवर, म्हणजे त्याची पिल्लं हे मांजरासाठी वाढलेलं ताटच. तेव्हा तिथल्या प्रशासनाने हुकूम काढला, की त्या भागातल्या मांजरांनी पिल्लांच्या हंगामात, ऑगस्ट संपेपर्यंत घरातच राहायचं. फिरवायचंच असेल तर दोरी बांधून फिरवा. हुकूम मोडला तर ५०० युरो दंड, आणि मांजराने खरोखरच चंडोल मारला तर ५०,००० युरोपर्यंत. २०२५ पर्यंत दरवर्षी हेच चालणार होतं.

मांजरवाल्यांनी गदारोळ केला. जन्मभर बाहेर हिंडलेलं मांजर एकाएकी कोंडलं तर ते दारं ओरबाडेल, रात्रभर रडेल, असं त्यांचं म्हणणं. ते खोटं नव्हतं. मला त्यांची दया आली, तरी मी मनातून चंडोलाच्या बाजूची होते. हे लिहिताना आमची ठमी लॅपटॉपच्या वायरीशी मारामारी करते आहे, आणि तिला मी घराबाहेर सोडत नाही. ज्यांना हा क्रूरपणा वाटतो त्यांच्यात माझी मामी पहिली.

मामी राजापूरजवळच्या एका वाडीत राहते. दर आठवड्याच्या फोनमध्ये माझी चौकशी झाली की ठमीची होते. "सोडतेस की नाही तिला बाहेर?" नाही म्हटलं की पलीकडून सुस्कारा. "अगो, मांजर ते. कोंडून घातलंस तर करेल काय बिचारं? पाप लागतं असल्यांनी." मी बिबट्याचं सांगते, गाड्यांचं सांगते. मामीचं उत्तर ठरलेलं: "बिबट्या काय आमच्याकडे नाही?"

आहे ना. पण मामीच्या घरात मांजराचं जे चाललं आहे, ते माझ्याकडे चालूच शकत नाही. तिच्याकडे कुत्रा पाळलेला असतो, म्हशी पाळलेल्या असतात. मांजर आपलं असतं. रात्री वैलाच्या उबेला, दुपारी पडवीत सुपात, पहाटे माळ्यावर भाताच्या कणगीपाशी. उष्टा भात, माशांची डोकी आणि काटे, धार काढताना वाटीभर दूध, एवढाच त्याचा पगार, बाकी पोट ज्याचं त्याने भरायचं. त्याच्यासाठी कुणी दार उघडत नाही, कारण कौलांतून, गोठ्यातून, न्हाणीघराच्या झरोक्यातून त्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. तेच मांजर वाडीतल्या चार घरांत चार नावांनी वावरतं. व्यायली की ती पिल्लांना तोंडात धरून सात घरं दाखवणार, हे सगळ्यांना ठाऊक. कुणाच्या लाकडांच्या खोलीत पिल्लं सापडली म्हणून कुणी भांडायला येत नाही. मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला दान करावं लागतं, या धाकाने काठीसुद्धा जपून उगारली जाते.

या सगळ्याच्या गोड आठवणी काढणारे एक गोष्ट मात्र सांगत नाहीत. आजोळी गेलो की मे महिन्यात आम्ही ज्या पिल्लांना नावं ठेवायचो, त्यांतली दिवाळीत क्वचितच दिसायची. काही बोक्याने खाल्लेली असत, काही कोल्ह्याने, काही नुसतीच पावसात भिजून गेलेली. आणि पिल्लं फारच झाली की त्यांना पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून येणारा एखादा माणूस प्रत्येक वाडीत असे. मुलांना कुणी सांगत नसे, मुलंही विचारत नसत. मांजरांची संख्या वाडीला परवडेल एवढीच राहायची, ती अशी.

तरीही तो एक व्यवहार होता. मांजर माणसाजवळ आलं तेच धान्यामुळे. पश्चिम आशियात शेती सुरू झाली, धान्य साठायला लागलं, धान्याला उंदीर लागले आणि उंदरांमागून रानमांजर वस्तीत शिरलं. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजराचा सांगाडा मिळाला आहे. त्या बेटावर मूळची मांजरं नव्हती, म्हणजे ते कुणीतरी होडीतून नेलेलं होतं. आपल्याकडचा दाखला हवा तर अमरावतीचा आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढची कित्येक वर्षं तो महाराष्ट्रभर फिरत राहिला. हाफकिन यांनी १८९७ साली मुंबईत लस तयार केली हे सगळ्यांना माहीत असतं. पण १९०८ च्या सुमारास अमरावतीत असलेले ब्यूकॅनन नावाचे इंग्रज सरकारचे डॉक्टर वैद्यकीय नियतकालिकांतून वेगळंच सांगत होते: मांजरं पाळा. ज्या वस्त्यांत घरोघर मांजर असतं तिथे उंदीर कमी आणि प्लेगही कमी, असं त्यांचं निरीक्षण होतं. आता या उपायासाठी मांजर घरात कोंडून कसं चालेल? ते माळ्यावर, परसात, शेजाऱ्याच्या कोठारात गेलंच पाहिजे.

म्हणजे मांजराच्या मोकळेपणाला तेव्हा एक कारण होतं आणि त्याला सगळ्या वाडीची मूक संमती होती. माझ्या घरात धान्य पाच किलोच्या डब्यात असतं. उंदीर सोसायटीच्या गटारात असतात, आणि त्यांच्यासाठी दर तीन महिन्यांनी पेस्ट कंट्रोलवाला येतो. ठमीकडे कसलंही काम नाही. तिने बाहेर जावं की नाही हे आता एकट्या मी ठरवणार, आणि त्याची झळ मात्र बाकीच्यांना बसणार.

आमची सोसायटी ठाण्यात येऊरच्या पायथ्याशी आहे. ठमी मिळाली ती इथल्याच पार्किंगमध्ये. पावसाळ्यात पिल्लं ऊब शोधत गाडीच्या इंजिनात शिरतात, त्यांतली ही एक. तेव्हापासून आमच्या इमारतीत गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारायची पद्धत पडली आहे. खाली उतरून पाहिलं तर मांजराला वावरायला जागा भरपूर दिसते: बाग, पंपाची खोली, भिंतीपलीकडचं जंगल. पण त्या जागेत आणखी काय काय आहे? पेस्ट कंट्रोलने ठेवलेल्या उंदराच्या औषधाच्या वड्या आहेत. त्या मांजर खात नाही, पण त्या खाऊन झिंगलेला उंदीर ते खातं, आणि तेच विष त्याच्या पोटात जातं. रिव्हर्स घेणाऱ्या गाड्या आहेत. बंड्या नावाचा एका कानाचा बोका आहे. त्याच्याशी झालेल्या मारामारीत नुसते ओरखडे येत नाहीत. चाव्यातून गळू होतं, आणि मांजरांतला एड्ससारखा आजारही चाव्यातूनच पसरतो. पॅनल्युकोपेनियाचा विषाणू तर मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि लस न टोचलेली पिल्लं दोन-तीन दिवसांत संपवतो.

आणि भिंतीपलीकडे बिबट्या आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोल्यात, उसाच्या पट्ट्यात, विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचा आहार तपासला होता. तो अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. शेळ्या-मेंढ्या पहिल्या असतील असं कुणालाही वाटेल. निघालं भलतंच. वजनाच्या हिशेबाने आहारातला सर्वांत मोठा वाटा, ३९ टक्के, कुत्र्यांचा होता आणि त्याखालोखाल १५ टक्के पाळीव मांजरांचा. शेळ्या त्यानंतर. मामी म्हणते ते बरोबरच आहे, बिबट्या तिच्याकडेही आहे आणि तिची दोन मांजरं त्यानेच नेली असणार. तिने हळहळून तिसरं दूध पाजून मोठं केलं. मला ते जमणार नाही. एका मांजरावर जीव लावायचा, त्याला लसी टोचायच्या, त्याच्या नावाने फाइल करायची, आणि मग ते गेलं तर 'मांजरच ते' म्हणायचं, हे दोन्ही एका माणसाला साधत नाही.

खिडकी उघडी ठेवणाऱ्यांनाही एक सांगावंसं वाटतं. मांजर कितीही उंचावरून पडलं तरी पायांवर उभं राहतं, असं लोक फार खात्रीने सांगतात. १९८७ साली न्यूयॉर्कमधल्या पशुवैद्यांनी इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतली नव्वद टक्के वाचली, हे खरं. पण ती दवाखान्यात आणलेली मांजरं होती. खाली पडून जागीच मेलेल्याला दवाखान्यात कोण नेतं? आणि वाचलेल्यांपैकी कितीतरींची छाती फुटलेली, जबडा मोडलेला, पाय मोडलेले होते.

इथवरचा सगळा विचार मांजराच्या बाजूने झाला. मला अडवणारी दुसरी गोष्ट बाल्कनीतून ऐकू येते. साडेसहाच्या सुमारास खालच्या बागेत एकाएकी कलकलाट सुरू होतो. आधी बुलबुल, मग शिंपी, मग सातभाईंची अख्खी टोळी. दयाळ शेपटी उडवत कुंपणावर कर्कश ओरडत असतो. पक्ष्यांची ही बोंबाबोंब कुठून कुठे सरकते ते पाहायचं. बंड्या झुडपांतून कुठे चाललाय ते न बघता कळतं. मे-जूनमध्ये हे रोजचंच असतं, कारण तेव्हा नुकतीच घरट्याबाहेर पडलेली, धड उडता न येणारी पिल्लं खालच्या फांद्यांवर बसलेली असतात. शिंजिराचं घरटं तर कधीकधी तुळशीच्या कुंडीशेजारी, वाळत घालायच्या दोरीला लोंबत असतं. माणसाच्या इतकं जवळ घर बांधलं तर आपण सुरक्षित, असा त्या चिमण्या जिवाचा हिशेब असावा. माणसाने मांजर पाळलं असेल, हे त्याच्या हिशेबात नसतं.

या बाबतीतला सगळ्यांत मोठा आकडा अमेरिकेचा आहे. २०१३ साली तिथल्या शास्त्रज्ञांनी अंदाज मांडला, की मोकळी फिरणारी मांजरं त्या देशात वर्षाला १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात. मांजरविरोधक हा आकडा तलवारीसारखा उपसतात. त्याच अभ्यासातलं पुढचं वाक्य ते वाचत नाहीत, की यातला बहुतेक वाटा कुणीच न पाळलेल्या मांजरांचा आहे. तिकडे ब्रिटनमध्ये मांजराने बागेत हिंडावं हा जवळजवळ त्याचा हक्क समजला जातो. पक्ष्यांसाठी काम करणारी तिथली आरएसपीबी ही संस्थाच म्हणते, की मांजरांमुळे देशातल्या पक्ष्यांची संख्या घटते आहे असा स्पष्ट पुरावा नाही. आणि पार दुसऱ्या टोकाला न्यूझीलंडचं स्टीफन्स बेट. १८९४ मध्ये तिथे दीपगृह सुरू झालं, माणसांबरोबर मांजरं आली, आणि उडता न येणारा एक इवलासा पक्षी एखाद-दोन वर्षांत संपून गेला. दीपगृहाच्या रखवालदाराच्या एकाच मांजरीने तो संपवला, अशी कथा पुढे रंगवली गेली. खरं तर मांजरं अनेक होती.

बेटावरचा पक्षी आणि ठाण्यातला बुलबुल यांची बरोबरी मी करणार नाही. आपले पक्षी रानमांजर, उदमांजर, मुंगूस, कावळे, साप यांच्यात हजारो वर्षं वाढले आहेत, ते असे तसे संपणार नाहीत. पण रानमांजराला शिकार मिळाली नाही तर ते उपाशी राहतं, पिल्लं कमी होतात, आणि पक्ष्यांना जरा उसंत मिळते. ठमीच्या बाबतीत ही वेसण नाही. तिने सकाळी पाकिटातलं ट्यूना खाल्लेलं असतं. ती भरल्या पोटी मारेल, आणि उद्या पुन्हा तितक्याच उत्साहाने मारेल. "आमची मनी काही पक्षी-बिक्षी मारत नाही हो, आम्ही कधी पाहिलं नाही," असं सांगणाऱ्यांसाठी अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स शहरातला एक प्रयोग सांगते. २०१२ साली त्याचे निष्कर्ष आले. पंचावन्न पाळीव मांजरांच्या गळ्यात छोटे कॅमेरे बांधले होते. ४४ टक्के मांजरं शिकार करताना सापडली, आणि त्यांनी केलेल्या शिकारीपैकी घरी आणलेली जेमतेम २३ टक्के. बाकीची जागेवरच खाल्ली किंवा नुसतीच मारून टाकली. त्यांत सरडे, पाली फार होत्या. आपल्याकडच्या सापसुरळीसाठी मात्र कुणी हुकूम काढणार नाही, तिला तुरा नाही.

तेव्हा माझं मत असं, की ज्याला शहरात मांजर हवं त्याने ते घरात ठेवावं. 'त्याचं स्वातंत्र्य' हा शब्द मला या प्रसंगी थोडा ढोंगी वाटतो. बहुतेक वेळा तो मांजराच्या शी-शूची वाळूची पेटी साफ करायचा कंटाळा झाकतो. मांजर बाहेर गेलं की घाण शेजारच्या काकांच्या गुलाबाच्या वाफ्यात, आणि ओरखडे तळमजल्यावरच्या मुलाच्या बाइकच्या सीटवर. ते काका तक्रार घेऊन आले की आपण त्यांना प्राण्यांचे शत्रू ठरवायचं. मामीच्या वाडीत शेजाऱ्याला मांजराचा उपयोग होता, म्हणून तो त्याचा त्रासही सोसत होता. इथे त्याला मिळतं काय?

पण कोंडायचं म्हटलं की मामीचा सुस्कारा मला खोडता येत नाही. दाराची बेल वाजली की ठमी धावत येते ती पाहुण्यांसाठी नव्हे, फटीसाठी. खिडकीत बसून कबुतरांकडे पाहत ती दातांची जी चमत्कारिक कटकट करते, ती ऐकवत नाही. नुसतं घरात ठेवलेलं मांजर लठ्ठ होतं, चिडकं होतं, बोका असेल तर त्याला लघवी अडण्याचा त्रास होतो, आणि तो जिवावर बेततो. दोन खोल्यांत मांजर कोंडून दिवसभर ऑफिसला जाणाऱ्याने स्वतःला पक्षिमित्र म्हणवून घेऊ नये. बाहेरचं जग काढून घेतलं तर त्याची भरपाई घरात करून द्यावी लागते. आम्ही बाल्कनीला जाळी लावली. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची नव्हे, ती मांजर एका रात्रीत कुरतडतं, बारीक तारेची. भिंतीवर वर-खाली फळ्या ठोकल्या, कारण मांजराला घराचं क्षेत्रफळ कमी आणि उंची जास्त लागते. आणि रोज संध्याकाळी पिसांची काठी. नवऱ्याला हे खूळ वाटायचं, आता तोच खेळवतो आणि तीच त्याला दमवते.

हा खेळ नुसता लाड नाही. इंग्लंडमध्ये एक्सेटर विद्यापीठाने २०२१ साली बाहेर फिरणाऱ्या मांजरांवर अभ्यास केला. रोज पाच-दहा मिनिटं खेळवलं तर घरी आणलेली शिकार २५ टक्क्यांनी घटली, आणि भरपूर मांस असलेलं, धान्य नसलेलं खाणं दिलं तर ३६ टक्क्यांनी. गळ्यातल्या घंटेचा मात्र ठळक उपयोग दिसला नाही. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार म्हणून उंदरांनी इतकी वर्षं सभा घेतल्या, त्या फुकटच म्हणायच्या. ज्यांचं मांजर आधीपासून बाहेर फिरतं आणि आता कोंडणं शक्य नाही, त्यांनी निदान एवढं करावं. आणि पहाटे-संध्याकाळी आत ठेवावं, शिकारीची वेळ तीच.

राहता राहिला बंड्या. त्याला आत कोण घेणार? ठमीबद्दलचा माझा निर्णय कितीही शहाणपणाचा असला तरी बागेतल्या शिंजिराला त्याने फारसा फरक पडत नाही, कारण खाली डझनभर बेवारस मांजरं आहेत. तळमजल्यावरच्या एक काकू त्यांना रोज मांदेली उकडून घालतात. काकूंवर चिडणारे पुष्कळ आहेत. पण मांजरं पकडून ऑपरेशनला नेण्याचं कामही त्याच करतात. मांजरी चार-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, सुमारे नऊ आठवड्यांत विते, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहते. मुंबई महापालिकेने २०१९ पासून मांजरांच्या नसबंदीचं काम हाती घेतलं. इतर ठिकाणी ते अशा काकूंच्याच जोरावर चालतं. पिंजरा, बांगड्याचा तुकडा, रिक्षा, आणि परत सोडताना कानाच्या टोकाला छोटीशी खूण. ऑपरेशन न केलेलं पाळीव मांजर बाहेर सोडणारा माणूस काकूंच्या या सगळ्या खटाटोपावर एका रात्रीत पाणी ओततो. बाकी वादांत मी दोन पावलं मागे यायला तयार आहे, इथे नाही.

मामीच्या मांजराला कोंडा, असं मी तिला कधीच सांगितलं नाही. तिच्या माळ्यावर अजून कणगी आहे. उंदरामागे घरात फुरसं येतं, आणि आधी कळतं ते मांजरालाच. ऑपरेशनबद्दल मात्र मी दर फोनला बोलत राहिले, आणि पोत्यातल्या पिल्लांचा विषयही काढला, जो घरात कुणीच काढत नसे. मामी बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "किती घेतात?" आता तिने मनावर घेतलं आहे. जवळचा डॉक्टर गुरांचा, तो मांजराला हात लावत नाही म्हणे, त्यामुळे रत्नागिरीला न्यावं लागणार. एसटीत टोपलीवर फडकं बांधून ती मांजर घेऊन बसायला तयार आहे. कंडक्टरने तिकीट मागितलं तर अर्धं काढायचं की पूर्ण, यावर मामाचं आणि तिचं सध्या अडलं आहे.